अकादमीतलं ट्रेनिंग आणि दूरशिक्षणातलं एमए: या चुका टाळा

सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची, मेरिट लिस्ट लागली की अनेक मुलंमुली त्याच उत्साहात इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमएचा फॉर्म भरून टाकतात. इच्छा चांगली आहे आणि नियमांची आडकाठीही नाही. २०२२ पासून यूजीसीने नियमित अभ्यासक्रमासोबत दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी करायला मुभा दिली आहे. घोळ होतो तो पुढे, वेळापत्रकात.

सगळ्यात महागात पडते ती दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून न पाहण्याची चूक. इग्नूच्या सत्रअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरच्या. डेहराडूनच्या आयएमएची (इंडियन मिलिटरी अकादमी) पासिंग आउट परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्याचं संचलनही जून आणि डिसेंबरमध्येच! चेन्नईच्या ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी) ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग एप्रिल किंवा ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे दोन्ही परीक्षा ऐन टर्ममध्ये येतात. पेपरसाठी रजा मिळेल हे गृहीत धरू नका. एमएला किमान दोन वर्षं लागत असली तरी कमाल मुदत चार वर्षांची असते आणि पास झालेला पेपर पासच राहतो. म्हणून ट्रेनिंगच्या काळात परीक्षा द्यायचीच नाही, असं आधीच ठरवून टाका. वाचन मात्र चालू ठेवा, रविवारी तासभर मिळाला तरी पुष्कळ.

दुसरी अडचण साध्या कागदपत्रांची. अकादमीत मोबाइल कधी हातात येईल हे तुमच्या मर्जीवर नसतं आणि पोर्टलवर ओटीपीशिवाय पान हलत नाही. दुसऱ्या वर्षाच्या री-रजिस्ट्रेशनची तारीख हुकली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. नोंदणी करतानाच आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाचा तरी नंबर द्या आणि फी भरण्याचं काम त्यांच्यावर सोपवा. असाइनमेंट मात्र स्वतःच, स्वतःच्या हाताने लिहायच्या. बहुतेक एमएंमध्ये त्यांना ३० टक्के गुण असतात, त्यामुळे शक्य तितक्या रुजू होण्याआधीच लिहून जमा करा.

आता जी चूक मला खरोखर अस्वस्थ करते ती सांगतो. लाइट्स आउटनंतर, म्हणजे रात्री दिवे बंद झाल्यावर, टॉर्च लावून असाइनमेंट लिहिणं. पहाटे पीटी, मग ड्रिल, क्लास, संध्याकाळी खेळ, अधूनमधून रात्रीची नॅव्हिगेशन. यात झोप कापली की शरीर सावरत नाही. नडगीच्या हाडाला बारीक चीर जाणं, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, हा कॅडेटांचा नेहमीचा त्रास आहे आणि थकव्यात तो बळावतो. ट्रेनिंग बुडालं की रेलिगेशनची, म्हणजे टर्म मागे पडण्याची पाळी येऊ शकते. एमएचा पेपर सहा महिन्यांनी पुन्हा देता येतो. कोर्समेट पुढे निघून गेले की ती सोबत परत मिळत नाही. दुखत असेल तर लपवू नका, एमआय रूममध्ये, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, जा. अभ्यास चालू आहे हेही प्लाटून कमांडरला पहिल्याच महिन्यात सांगा.

ओटीए पूर्ण करणाऱ्यांना मद्रास विद्यापीठाचा संरक्षण व्यवस्थापन आणि सामरिक अभ्यासातला पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो. तोच विषय एमएला घेणार असाल तर घाई कशाला?

कमिशननंतर, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यावर, सगळं मोकळं होईल हाही गैरसमजच. रजा संपली की युनिट आणि त्यापाठोपाठ नव्या अधिकाऱ्यांचा यंग ऑफिसर्स कोर्स. तो उरकला की अ‍ॅडज्युटंटकडून (युनिटचं प्रशासन पाहणारा अधिकारी) परवानगीची पद्धत समजून घ्या, फॉर्ममध्ये पोस्टिंगजवळचं परीक्षा केंद्र निवडा आणि एका वेळी दोनच पेपर भरा.