नवरा चाकणला, आपण गावात: दिवस कसे धरायचे

आमचे हे चाकणच्या कंपनीत. दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी ट्रॅव्हल्सनं लातूरला उतरायचे, रविवारी रात्री परत. मी रेणापूर तालुक्यात, गावातच घरी शिलाई करते. लग्नाला सहा महिने झाले आणि आत्याबाई दर महिन्याला विचारू लागल्या, "औंदा बी कावळा शिवला का माय?" त्या वर्षी येळवसला (वेळ अमावास्येच्या सणाला) ह्यांनी मुद्दाम चार दिवसांची रजा काढली. शेतात कडब्याची कोपी, भज्जी, आंबिल, सगळं होतं. माझा मात्र पाळीचा दुसरा दिवस. लांब लिंबाखाली बसले होते, तेव्हा लक्षात आलं की दिवस राहायचे तर ही रजा चुकीच्या दिवसांत गेली. त्याच रात्री ब्लाऊजच्या मापाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं.

तुम्हीही एक पान उघडा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे लाल रक्त नीट सुरू झालं तो. आदल्या दिवशीचा नुसता डाग धरायचा नाही. या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत किती दिवस झाले, ते लिहायचं. माझे आकडे आले 31, 30, 33, 32. आता खरी गोष्ट. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढची पाळी यायच्या साधारण 14 दिवस आधी. मी उलटं धरत होते, की पाळी आल्यावर चौदावा दिवस म्हणजे तोच. ते 28 दिवसांनी पाळी येणारीला लागू पडतं, मला नाही. माझं 30 वजा 14 म्हणजे सोळावा दिवस आणि 33 वजा 14 म्हणजे एकोणिसावा, यांच्यात कधीतरी.

बीज बाहेर पडल्यावर 12 ते 24 तासच टिकतं. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून सोळाच्या पाच दिवस आधीपासून धरायचं: अकरावा ते एकोणिसावा. पाळी 6 तारखेला आली तर 16 ते 24 तारीख. ज्यांचा नवरा बाहेरगावी आहे त्यांना यातच दिलासा आहे. बीज मंगळवारी फुटणार, म्हणजे बाहेर पडणार असेल तरी रविवारचा संबंध वाया जात नाही. उशीर झाला तर मात्र काही उपयोग नाही, म्हणून आधीचे दोन-तीन दिवस जास्त मोलाचे.

आकड्यांनी अंदाज येतो, खूण शरीर देतं. पाळीनंतर काही दिवस खाली कोरडं असतं, मग अंगावरून चिकट, दह्यासारखं पाणी जातं. बीज फुटायच्या आसपास ते पारदर्शक आणि बुळबुळीत होतं, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. अंडं घरात येत नसेल तर कोरफडीचा गर आठवा. दोन बोटांत धरून ओढलं तर तार निघते, तुटत नाही. हात धुऊन रोज एकदा बघायचं आणि वहीत एक शब्द लिहायचा: कोरडं, दही, तार. तार दिसली की ह्यांना फोन. आपल्याकडं "अंगावरून पांढरं जातंय" म्हटलं की आजारच समजतात. हे पाणी आजार नाही. खाज, घाण वास, हिरवट-पिवळा रंग असेल तर डॉक्टरांना दाखवा.

रोज सकाळी ताप मोजायची पद्धतही आहे. उठायच्या आधी, अंथरुणातच मोजायचा. बीज फुटल्यावर फॅरनहाइटच्या अर्ध्या डिग्रीच्या आसपास वाढतो. आमच्याकडं नळाला पहाटे चारला पाणी, उन्हाळ्यात गच्चीवर अर्धवट झोप. मी दोन महिने करून सोडून दिलं. शिवाय ताप वाढतो तेव्हा बीज फुटून गेलेलं असतं.

लघवीत बुडवायची पट्टी मला उपयोगी पडली. मेडिकलमध्ये मागितल्यावर पहिल्यांदा मला गरोदरपणाची पट्टी दिली, घरी येऊन कळलं. "ओव्ह्युलेशनची", म्हणजे बीज फुटायची वेळ दाखवणारी, असं स्पष्ट सांगा आणि पाकीट वाचून घ्या. पहिल्या दिवसांपासून नको, आपल्या हिशोबातले दिवस सुरू झाले की (माझा अकरावा-बारावा) रोज एकाच वेळी करा, आधी तांब्याभर पाणी पिऊ नका. गरोदरपणाच्या पट्टीत फिकट रेघही धरतात, इथं फिकट धरायची नाही. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद आली की बीज साधारण 24 ते 36 तासांत फुटतं. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी मागंपुढं होण्याचा त्रास) असेल तर पट्टी चुकवू शकते. माझी गडद रेघ एका बुधवारी आली, हे त्याच रात्री निघाले. त्या महिन्यात राहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात राहिलं. दिवस बरोबर साधला तरी तरुण जोडप्याला एका महिन्यात चारात-पाचात एक एवढीच आशा असते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत स्वतःला दोष देऊ नका.

तारीख हुकमासारखी सांगू नका. रात्रभर बसमधून आलेल्या माणसाला दारातच "आजच" म्हटलं तर त्याला दडपण येतं. आमचं त्यावरून एकदा रडणं-भांडण झालं. नवरा घरीच असेल तर एवढंही मोजू नका, एक दिवसाआड संबंध ठेवला तरी पुरे.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस जायच्या किमान महिनाभर आधीपासून लागते. आपल्याला चालेल ना ते डॉक्टरांना विचारून घ्या. पाळी चुकली की आशाताईकडं गरोदरपण तपासायचं निश्चय किट मिळतं.

पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पुढं असाल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडं जा. पाळी 21 दिवसांच्या आत किंवा 35 दिवसांपुढं येत असेल, किंवा कधी टीबी झाला असेल, तर थांबू नका. आणि दोघं जा. मला एका दवाखान्यात दोन महिने गोळ्या दिल्या, ह्यांची तपासणी कुणी विचारलीही नाही. वीर्याची तपासणी साधी असते. आधी दोन ते सात दिवस संबंध नसावा लागतो. गुटखा, तंबाखू आजच बंद करायला सांगा, कारण पुरुषाचं नवीन बीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तपासणी शनिवारीच उरका, रविवारी बऱ्याच लॅब बंद असतात.