नवा पीसी चालू होतो, पण डिस्प्ले येत नाही? या चुका टाळा

पंखे फिरतात, आरजीबी दिवे लागतात आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. घरी पहिल्यांदाच पीसी असेंबल करणाऱ्या पुष्कळ जणांची पहिली रात्र अशी जाते. मग घाईघाईत निष्कर्ष निघतो की मदरबोर्डच डेड आहे, आणि दुसऱ्या दिवशी सगळं खोलून बोर्ड बदलून मागायला माणूस दुकानात हजर. नवे पार्ट खराब निघतच नाहीत असं नाही. पण घरी जोडलेल्या नव्या मशीनमध्ये डिस्प्ले न येण्यामागे बहुतेक वेळा अर्धवट बसलेली रॅम, राहून गेलेली केबल किंवा जुनं बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डमधलंच सॉफ्टवेअर) असतं. हे सगळं घरच्या टेबलावर शोधता येतं. एकच पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि डिस्प्ले आला, तर दोष नक्की कुठे होता ते कळत नाही. महिन्याभराने तोच त्रास उपटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मशीन अडकलंय, की फक्त चित्र येत नाही?

हे आधी ठरवा. बटण दाबलं की बायोस प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासून घेतं. याला पोस्ट म्हणतात. पोस्ट होत नसेल तर दोष मशीनमध्ये आहे. पोस्ट होऊनही स्क्रीन काळी असेल तर आधी केबल, पोर्ट आणि मॉनिटर बघायचे. ओळखायची सोपी खूण म्हणजे कीबोर्डवरचं नम लॉक. मिनिटभर थांबून ते दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन बहुधा पुढे गेलेलं आहे.

तसं असेल तर कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. ग्राफिक्स कार्ड लावलंय आणि एचडीएमआय केबल मात्र वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये घातली आहे, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. कार्ड लावलं की बरेच बोर्ड स्वतःचं आउटपुट आपणहून बंद करतात. केबल खाली, कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी. मॉनिटरच्या मेनूत इनपुटही बरोबर निवडा. केबल डिस्प्लेपोर्टला आणि मॉनिटर एचडीएमआयवर अडकलेला, असंही होतं.

याच्या उलट प्रकार खर्चाचा असतो. ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हणून नुसता प्रोसेसर आणला, आणि तो निघाला आय५-१२४००एफ. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. एएमडीचे रायझन ५ ३६०० आणि ५६०० यांतही नसतं, ५६००जी मध्ये असतं. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांत जुजबी ग्राफिक्स असतं, पण ७५००एफ मध्ये नाही. असा प्रोसेसर असेल तर कार्डाशिवाय डिस्प्ले येणार नाही, बोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसत असला तरी.

बोर्डवरचे चार दिवे आधी वाचा

आता पोस्टच होत नसेल तर. आजच्या बऱ्याच बोर्डांवर कडेला, साधारण २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरजवळ, चार बारीक एलईडी असतात. शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असं छापलेलं असतं. एमएसआय त्यांना ईझी डीबग म्हणतं, असूस क्यू-एलईडी. मशीन जिथे अडकलं तिथला दिवा लागून राहतो. आरजीबीच्या झगमगाटात हे दिवे दिसत नाहीत, म्हणून खोलीतला लाइट बंद करून बघा. चुकीच्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हर चालवण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं निरीक्षण फार मोलाचं आहे. दिवे नसलेला स्वस्त बोर्ड असेल आणि त्यावर स्पीकरच्या पिना असतील, तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळणारा छोटा बझर स्पीकर त्यावर लावा. बीप किती आणि कसे वाजले त्यावरून दोष कळतो. प्रत्येक कंपनीचे बीप वेगळे असतात, त्यामुळे अर्थ बोर्डच्या पुस्तिकेतच पाहायचा.

बूटचा दिवा लागला तर घाबरू नका. रॅम आणि ग्राफिक्स तपासून झालेलं आहे, फक्त विंडोज टाकलेली एसएसडी सापडत नाही. नव्या मशीनमध्ये ते साहजिक आहे.

रॅम: ‘बसलीये’ म्हणजे खरंच बसलीये का?

डीरॅमचा दिवा लागला असेल तर इथे वेळ द्या. ओळखीचा एक इंजिनीअरिंगचा मुलगा कर्वेनगरमधून फोनवर सांगत होता, “काका, रॅम बसलीये. खटका आला ना.” त्याला म्हटलं, “अरे, वरून नको बघूस. मोबाइलचा टॉर्च आडवा धर आणि स्लॉटच्या दोन्ही टोकांना बघ.” खालच्या टोकाला रॅमच्या सोनेरी पट्टीची बारीक रेघ स्लॉटच्या वर दिसत होती. खटका आला होता तो फक्त वरच्या बाजूचा. बऱ्याच बोर्डांवर उघडणारी क्लिप एकाच टोकाला असते, दुसरं टोक ठोकळ्यासारखं स्थिर असतं. वरची क्लिप बंद झाली की रॅम बसली असं वाटतं, आणि खालचं टोक मिलिमीटरभर वर राहतं. म्हणून आधी स्थिर टोक दाबून बसवा, मग क्लिपचं. नव्या स्लॉटला जोर लागतो, इतका की बोर्ड किंचित वाकतोय असं वाटतं. बोर्ड स्क्रूंनी नीट बसवलेला असेल तर तेवढा जोर चालतो.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोन रॅम असतील तर जागा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. बोर्डवर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. शेजारी-शेजारी लावल्या तर काही बोर्ड चालतात, काही अडून बसतात. शंका असेल तर एकच रॅम ए२ मध्ये लावून चालू करा, मग तिथेच दुसरी लावून बघा. आपल्याकडे रॅमचे पाय खोडरबराने घासायची सवय आहे. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या मशीनला त्याचा कधी उपयोग होतो, पण आज पाकिटातून काढलेल्या रॅमला घासायचं काही कारण नाही. रबराचा भुगा मात्र स्लॉटमध्ये जातो.

रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर अजून एक गोष्ट, आणि ही माहीत नसल्यामुळे चांगली मशीन खोलली जातात. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) बोर्डांवर याला कित्येक मिनिटं लागू शकतात, रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते आणि डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. दर मिनिटाला बटण दाबून मशीन बंद केलं तर हे काम दर वेळी नव्याने सुरू होतं. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं हात लावू नका.

पॉवरच्या केबली

एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायच्या डब्यातून) बोर्डला दोन केबली जातात. २४ पिनची मोठी सगळ्यांना दिसते. दुसरी आठ पिनची, प्रोसेसरसाठी, बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. कॅबिनेटमध्ये पंखे बसवल्यावर तो कोपरा झाकला जातो आणि केबल राहून जाते. ती नसली तरी पंखे फिरतात, म्हणून फसायला होतं. प्रोसेसरच्या केबलचे चार-चारचे दोन तुकडे होतात, ग्राफिक्स कार्डाच्या केबलचे सहा आणि दोनचे. दिसायला सारख्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी दामटू नका. मोठ्या कार्डाला स्वतःची केबल लागते, ती पूर्ण आत गेली आहे का हे बोट फिरवून बघा.

मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसबद्दल कळकळीने सांगतो: मित्राकडच्या दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल घेऊन लावू नका. बोर्डकडचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. केबल बसते आणि भलत्या पिनेवर १२ व्होल्ट जातात. एसएसडी किंवा बोर्ड जळायला एवढं पुरतं.

याच ओघात घरच्या पॉइंटबद्दल. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लगला अर्थिंग नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या वायरिंगच्या सोसायट्यांत हे सर्रास दिसतं. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंगविना कॅबिनेटवर मेन्सच्या साधारण निम्मं व्होल्टेज अगदी अल्प करंटसह येतं. माणसाला तो झटका सौम्य वाटतो, पण चालू मशीनला एचडीएमआय लावताना त्यात पोर्ट जाऊ शकतो. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर केबली जोडताना पीसी आणि मॉनिटर दोन्हीकडची बटणं बंद ठेवा. अर्थिंग नीट असेल तर तिचा फायदाही घ्या. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते आणि लोकरी स्वेटरवर स्थिर वीज साठते. पार्ट हाताळण्याआधी प्लगमध्ये असलेल्या, पण बटण बंद केलेल्या मशीनच्या उघड्या धातूला हात लावला की ती निघून जाते.

सीपीयूचा दिवा आणि जुनं बायोस

सगळं जागेवर आहे, तरी सीपीयूचा दिवा जात नाही. अशा वेळी बोर्ड आणि प्रोसेसर यांच्या वयात अंतर आहे का ते बघा. बी४५० बोर्ड २०१८ साली आले, रायझन ५००० मालिका २०२० च्या नोव्हेंबरात. बी६६० बोर्ड २०२२ च्या सुरुवातीचे, इंटेलची १३वी पिढी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली. सॉकेट तेच असल्यामुळे प्रोसेसर बसतो, पण दुकानात पडून राहिलेल्या बोर्डमधलं बायोस त्याला ओळखत नाही. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डच्या सपोर्ट पानावर प्रोसेसरची यादी असते, आणि कोणत्या बायोसपासून तो चालतो तेही असतं.

बोर्डच्या मागे बायोस फ्लॅशचं बटण असेल तर प्रोसेसर न ओळखताही अपडेट होतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला पुस्तिकेत दिलेलं नेमकं नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बटण दाबायचं. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, म्हणून हा उद्योग गुरुवारी नको, आणि यूपीएस असेल तर त्यावरच करा. बटण नसेल तर खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं, “बायोस अपडेट करून द्या.” बरेच जण करून देतात.

डिस्प्ले येत होता आणि रॅम पूर्ण वेगाने चालवायची बायोसमधली एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग चालू केल्यावर गेला, तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा. प्लग काढून बोर्डवरच्या ठरलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या, किंवा नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटं थांबायचं.

तरीही नाही? मग कॅबिनेटबाहेर काढा

हे लोक शेवटपर्यंत टाळतात, कारण केबली बांधून झालेल्या असतात. पण उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिचा पृष्ठभाग वीज वाहून नेऊ शकतो. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि दोन पॉवर केबली. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावा. समोरच्या बटणाची वायर नसते, म्हणून पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवायच्या.

खोक्यावर डिस्प्ले आला तर बोर्ड धडधाकट आहे, दोष कॅबिनेटमध्ये. बोर्डखाली लागणारे पितळी स्टँडऑफ (बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब) मोजा. बोर्डच्या भोकांइतकेच असायला हवेत. मोठ्या कॅबिनेटमध्ये मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, बोर्ड बसवताना आधीपासून लावलेला एखादा जादा स्टँडऑफ बोर्डच्या मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. खोक्यावरही डिस्प्ले नसेल तर कूलर काढून प्रोसेसर उचला. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, एएमडीच्या जुन्या एएम४ मध्ये प्रोसेसरला. टॉर्च तिरका धरला की सरळ पिनांच्या रांगा एकसारख्या चमकतात आणि वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी दिसते. एएम४ ची पिन पातळ कार्डाच्या कडेने हळूच सरळ करता येते. सॉकेटमधली पिन घरी हाताळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कूलर परत लावताना थर्मल पेस्ट पुसून नवी लावा आणि स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने करकचून आवळल्यानेही रॅमचं एक चॅनल गायब होऊ शकतं.

यानंतर मात्र दुकान गाठायला हरकत नाही. सॉकेटमध्ये पिना असलेला बोर्ड नेताना सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावूनच न्या. ते हरवलं असेल किंवा पिना वाकलेल्या असतील तर वॉरंटी अडते, म्हणून झाकण लावण्याआधी सॉकेटचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. बिल आणि खोक्यावरचा सीरियल नंबर जुळतोय ना ते पाहा. काउंटरवर ‘डिस्प्ले येत नाही’ एवढंच सांगू नका. कोणता दिवा लागून राहतो, कोणती रॅम कोणत्या स्लॉटमध्ये लावून पाहिली, बायोस कोणतं आहे, खोक्यावर ठेवून काय झालं, हे कागदावर लिहून द्या आणि त्यांच्या चालू मशीनवर तुमचा प्रोसेसर आणि रॅम तुमच्यासमोरच लावून बघायला सांगा.