जुन्या पेडलचा क्लोन कसा पारखावा

नावाजलेल्या जुन्या गिटार पेडलचा (गिटारचा आवाज पालटणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेटीचा) क्लोन, म्हणजे त्याच सर्किटची नक्कल, घेताना बहुतेक जण आधी विचारतात की आत मूळचीच चिप आहे का, डायोड जर्मेनियमचे आहेत का. प्रश्न गैर नाही, पण तो पहिला नसावा. मूळ पेडलच्या आवाजाचे वेगळेपण सर्किटच्या कोणत्या भागातून येते आणि क्लोन बनवणाऱ्याने तो भाग जपला आहे की बदलला आहे, हे आधी समजून घ्यावे. ज्या सुट्या भागाची सर्वाधिक चर्चा होते, त्याचाच आवाजातील वाटा पुष्कळदा सर्वांत लहान असतो.

आयबनेझच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलमध्ये हे स्पष्ट दिसते. त्यात सिलिकॉनचे दोन डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या) फीडबॅक वाटेत, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, बसवलेले असल्यामुळे सिग्नलचे माथे एकदम छाटले न जाता गोलसर होतात. मात्र त्याच टप्प्यातील ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती मोठा होतो ते प्रमाण) उतरवत नेतात, त्यामुळे खर्जाचे सूर फारसे न फाटता पुढे जातात. आणि या क्लिपिंगनंतर (छाटणीनंतर) येणारे फिल्टर साधारण त्याच वारंवारितेपासून वरचे सूर कमी करू लागते. मिड्सचा (मधल्या सुरांचा) तो ओळखीचा उभार या दोन ठिकाणी तयार होतो. म्हणून क्लोनमध्ये ही मूल्ये तीच असतील, तर मूळच्या जुन्या ४५५८ चिपऐवजी दुसरी साधारण ऑप-अँप बसवल्याने पडणारा फरक बँडसोबत वाजवताना ओळखणे अवघड जाते. याउलट तो एक कपॅसिटर मोठा केला की खर्जही फाटू लागतो आणि पेडलचा स्वभावच पालटतो. पुष्कळ नव्या आवृत्त्यांत ‘बास’ किंवा ‘फॅट’ नावाचा स्विच असतो, तो प्रायः याच जागी हात घालतो. टीएस८०८ आणि टीएस९ या ट्यूब स्क्रीमरच्या दोन मॉडेलांवर हिरिरीने वाद होतात, पण कागदावर त्यांच्यातील मुख्य फरक आउटपुटजवळच्या दोन रेझिस्टरांचा आहे.

चिपला खरोखर महत्त्व असल्याची उदाहरणेही आहेत. प्रोकोच्या रॅट या पेडलमध्ये मुळात एलएम३०८ ही मंद ऑप-अँप होती. भरपूर गेनवर तिला जलद चढउतार झेपत नाहीत आणि त्यामुळे वरच्या सुरांची धार बोथट होते. नंतरच्या रॅटमध्ये आलेली ओपी०७ जवळपास तितकीच मंद आहे, त्यामुळे ती असलेल्या क्लोनकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. तेथे जलद चिप बसवली असेल, तर मात्र फिल्टरचा नॉब थोडा जास्त फिरवावा लागण्याची तयारी ठेवावी. हा नॉब जसा पुढे न्यावा तसे वरचे सूर कमी होतात. इतर पेडलांच्या टोन नॉबची सवय असलेल्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

बिल फिनेगन यांच्या क्लॉन सेंटॉरभोवती जर्मेनियम डायोडांची आख्यायिका उभी राहिली आहे. १९९४च्या सुमारास विक्रीस आलेल्या या पेडलचे सर्किट इपॉक्सीच्या थराखाली झाकलेले असे, त्यामुळे कुतूहल अधिकच वाढले. प्रत्यक्षात त्याची रचना पाहण्यासारखी आहे ती अशासाठी, की गेनच्या नॉबमध्ये एकाच दांड्यावर दोन पोटेन्शियोमीटर (पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) असतात आणि गेन वाढवताना स्वच्छ सिग्नलचे मिश्रणही त्याच वेळी बदलते. गेन खाली असताना बोटांचा जो स्पष्ट ठसा ऐकू येतो, तो त्या मिश्रणातून येतो. डायोडांचे काम तेव्हा थोडेच असते. क्लोनमध्ये हा दुहेरी पॉट आणि मूळचा बफर (लांब केबलमध्ये सिग्नल कमजोर होऊ न देणारा टप्पा) आहे का, हे आधी पाहावे आणि डायोडांची चौकशी नंतर करावी. बफर काढून ‘ट्रू बायपास’ (पेडल बंद असताना सिग्नल थेट पुढे नेणारी जोडणी) दिल्याची जाहिरात सुधारणा म्हणून केली जाते, पण लांब केबल वापरणाऱ्याला तो बफर उपयोगाचाच असतो.

फझ फेसचे गणित वेगळे आहे. आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये आणलेल्या या पेडलमध्ये अवघे दोन ट्रान्झिस्टर आहेत, आधी जर्मेनियमचे आणि नंतरच्या आवृत्त्यांत सिलिकॉनचे. येथे ट्रान्झिस्टरची निवड आणि त्याचे बायसिंग (त्याला दिलेली स्थिर विद्युत पातळी) यांवरच सारे अवलंबून असते. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधील विद्युतप्रवाहाची गळती तापमानाबरोबर वाढते, त्यामुळे गरम मंचावर तेच पेडल वेगळे वाजू शकते; बाहेरून फिरवता येणारा बायसचा नॉब असलेली नवी आवृत्ती त्या दृष्टीने अधिक सोयीची आहे. या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असल्याने गिटारचे पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) आणि पेडल मिळून एकच यंत्रणा बनते. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज झपाट्याने स्वच्छ होतो तो यामुळेच, आणि फझ फेसचा क्लोन पारखण्याची माझ्या मते हीच सर्वांत विश्वासार्ह कसोटी आहे. मात्र त्या वेळी गिटार आणि पेडल यांच्यामध्ये बफर असलेले कोणतेही पेडल ठेवू नये, नाहीतर उत्तम क्लोनही कर्कश वाटेल आणि दोष त्याच्या माथी जाईल.

डिलेच्या (सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलच्या) बाबतीत ‘ॲनालॉगसारखा उबदार आवाज’ या शब्दांवर विसंबू नये. जुन्या डिलेमध्ये बीबीडी (सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारी ॲनालॉग) चिप असे, तर स्वस्त क्लोनमध्ये अनेकदा पीटी२३९९ ही चिप असते, जी आतून डिजिटल आहे. ती वाईट वाजते असे नव्हे, पण तिच्यासाठी बीबीडीची किंमत देऊ नये. जुन्या रचनेचा नवा अर्थ प्रामाणिकपणे कसा लावावा, याचा नमुना बॉसने स्वतःच २०१४ मध्ये डीएम-२डब्ल्यू या डिलेमधून दाखवला: स्विचच्या एका बाजूला मूळचा ३०० मिलिसेकंदांपर्यंतचा डिले, दुसऱ्या बाजूला ८०० मिलिसेकंदांपर्यंतचा, आणि दोन्ही बीबीडीवरच.

प्रत्यक्ष तुलना करताना सर्वाधिक काळजी व्हॉल्यूमची घ्यावी लागते, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. दोन पेडलांचे नॉब एकाच कोनात ठेवल्याने ती सारखी जुळत नाहीत. पॉटच्या मूल्यात २० टक्क्यांपर्यंतचा फरक सहज चालवून घेतला जातो आणि त्याची चाल लॉग (असमान) आहे की लीनियर (एकसारखी) यावरही मधली जागा बदलते. म्हणून नॉबकडे न पाहता आधी गेन कानाने जुळवावा, नंतर टोन आणि सर्वांत शेवटी व्हॉल्यूम. क्लिपिंगचा स्विच (छाटणारे डायोड बदलणारा) असलेल्या पेडललाही हेच लागू होते. एलईडी सिलिकॉन डायोडपेक्षा बऱ्याच जास्त व्होल्टेजला छाटणी सुरू करतात, त्यामुळे स्विच बदलताच आवाज मोठा होतो आणि तो ‘मोकळा’ असल्याचा भास होतो. शक्य असल्यास लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा ऐकवणारे यंत्र) दोन्ही पेडलांच्या आधी जोडून त्यात एकच फ्रेज रेकॉर्ड करावी आणि ती दोन्ही पेडलांतून आळीपाळीने ऐकावी, म्हणजे हाताच्या जोरातील फरक मध्ये येत नाही. फझ फेससाठी ही पद्धत उपयोगाची नाही, कारण लूपरच्या आउटपुटमुळे पिकअपचा संबंधच तुटतो.

घरी एकट्याने वाजवताना आवडलेला आवाज बास आणि ड्रमसोबत हरवू शकतो, विशेषतः बिग मफच्या घराण्यातील पेडलांचा, ज्यांचे टोन सर्किट मिड्स खोलवर कापते. मिड्ससाठी वेगळा नॉब असलेली आवृत्ती मूळ बरहुकूम नसते, तरी बँडमध्ये वाजवणाऱ्याने तीच घ्यावी असे मी सुचवीन.

वीजपुरवठा जोडण्यापूर्वी पेडलवरील खूण वाचावी. सेंटॉरच्या रचनेत आतला व्होल्टेज वाढवणारी मॅक्स१०४४ ही चिप १०.५ व्होल्टच्या वर टिकत नाही, म्हणून ती असलेल्या क्लोनला ‘जास्त हेडरूम’साठी (छाटणी सुरू होण्याआधी अधिक वाव मिळावा म्हणून) १२ किंवा १८ व्होल्ट देणे म्हणजे चिप जाळणे होय. पीएनपी प्रकारच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझमध्ये बहुधा ग्राउंड धन बाजूला असते. असे पेडल इतरांसोबत एकाच डेझी चेनवर (एका पुरवठ्यावरून अनेक पेडलांना वीज देणाऱ्या केबलवर) जोडल्यास पुरवठा शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा पॉवर सप्लायचे स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट द्यावे, आणि स्वतंत्र आउटपुटवरही केबलची पोलॅरिटी (धन-ऋण बाजू) तपासूनच प्लग लावावा.