बॅकहोचा जॅक गळतोय? सील किट टाकण्याआधी हे बघा

बॅकहोच्या, म्हणजे खोदाई मशीनच्या, जॅकच्या (तेलाच्या दाबाने रॉड आत-बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) तोंडाशी तेल ओघळायला लागलं की बहुतेक मालक सरळ दुकानात जाऊन सील किट (तेल अडवणाऱ्या रिंगांचा संच) आणतात, मिस्त्रीकडून टाकून घेतात, आणि त्याच हंगामात तोच जॅक पुन्हा गळतो. दोष किटला दिला जातो. किट हलकं असूही शकतं, पण सील हा जॅकमधला सगळ्यात मऊ भाग. त्याला कापणारं काहीतरी आत किंवा रॉडवर असतं. ते सापडेपर्यंत नवीन सील टाकण्यात अर्थ नाही.

गळती कुठली?

रॉड जिथून बाहेर येतो त्या ग्लँडमधून (जॅकच्या तोंडावरच्या आट्यांच्या टोपणातून) तेल येत असेल तर रॉड सील गेलंय, सरळ हिशेब. बाहेर थेंबही नाही, पण उचललेला बूम (मशीनचा हात) हळूहळू खाली बसतो, तेव्हा सगळे पिस्टन सीलवर (रॉडच्या आतल्या टोकाला असलेल्या पिस्टनवरच्या सीलवर) संशय घेतात. लिव्हरने तेल वळवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह झिजला तरी हेच होतं. म्हणून जॅक खोलण्याआधी तपासा. रॉड पूर्ण बाहेर काढा, बूमला पक्का टेकू द्या, इंजिन बंद करून प्रेशर सोडा (कसं ते खाली ‘जॅक उतरवणं’मध्ये). रॉडकडचा होस काढून त्याच्या तोंडाला प्लग लावा आणि जॅकच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा. मग इंजिन कमी रेसवर ठेवून लिव्हर रॉड बाहेर जाण्याच्याच दिशेने दाबा, चुकूनही उलटी नको. सुरुवातीला थोडं तेल येईल. धार चालूच राहिली तर पिस्टन सील गेलंय; थांबली तर व्हॉल्व्हकडे वळा.

इथे एक गोष्ट जिवावरची आहे. या मशीनमधलं प्रेशर 200 बारच्या वर जातं. होसला बारीक छिद्र असेल तर तिथून निघणारं तेल कातडीत शिरतं. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, पण तेल आत पसरतं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, हात गमावायची वेळ येते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा.

जॅक उतरवणं

मशीन सपाट जागी, बकेट जमिनीवर टेकलेली. इंजिन बंद केल्यावर सगळ्या लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा, टाकीचं झाकण सावकाश सैल करा. जॅक चेन पुलीला बांधल्याशिवाय पिन ठोकू नका. होसची तोंडं लगेच बंद करा. जॅक बाहेरून डिझेलने धुवूनच खोला.

ग्लँड त्याच्या खाचेत अडकणाऱ्या हूक पान्ह्याने सोडायचा. आधी त्याचा लॉक स्क्रू किंवा लॉक पट्टी बघा. ती न काढता जोर लावला की आटे गेलेच. खाचेत छिन्नी लावून ठोकायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने खाचेची कड उचलली जाते आणि पुढच्या वेळी पान्हा बसत नाही. पिस्टन अडकला म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडून तो बाहेर उडवू नका. रॉड बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

कापणारं शोधा

रॉड पुसून उन्हात धरा आणि नख फिरवा. उभा चरा किंवा खड्डा नखाला अडकला तर सील तिथेच कापलं जातंय. पावसाळ्यात काम बंद असताना रॉड बाहेर ठेवून उभं केलेलं मशीन असेल, तर क्रोमला पिनाच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके दिसतील. बारीक कड तेवढी ऑइल स्टोनने घासता येते. खड्डे जास्त असतील तर हार्ड क्रोम करून घ्या किंवा रॉड बदला. वाकलेला रॉड सरळ करण्यात पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

बॅरलमध्ये (जॅकच्या नळीत) टॉर्च मारा. चऱ्यांच्या ओळी दिसल्या तर होनिंगवाल्याला (नळी आतून घासून गुळगुळीत करणाऱ्याला) दाखवा. जॅक जिथे जोडला जातो त्या पिन-बुशचा ढिलेपणाही बघा: बुश ढिला असला की रॉड तिरका ओढला जातो आणि ग्लँड एकाच बाजूने झिजतो. गाइड रिंग (रॉडला मधोमध धरणारी) एका बाजूला चकचकीत, दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी दिसली, की बुश बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवीन सील

जुनं सील काढण्याआधी प्रत्येक खाचेचा मोबाइलवर फोटो काढा. किट जॅकवरच्या पार्ट नंबरने घ्या आणि तरीही व्हर्नियरने रॉड आणि बोअर (बॅरलचा आतला व्यास) मोजा. रॉड सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला, वायपरची (रॉडवरची धूळ पुसणाऱ्या सीलची) बाहेर, बॅकअप रिंग (सीलला आधार देणारी कडक रिंग) प्रेशरच्या उलट बाजूला. हे उलटं बसलं की सगळी मेहनत फुकट.

रॉड सील हाताने राजम्याच्या दाण्यासारखं दुमडून खाचेत सोडतात. आधी गरम तेलात ठेवलं तर नरम होतं. पेचकस लांब ठेवा. पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग ताणून चढवली की फुगते. ती पट्ट्याने आवळून परत बसू द्या. ग्लँड आधी रॉडवर चढतो, मग पिस्टन. रॉडच्या आट्यांना टेप गुंडाळा, नाहीतर नवीन सील तिथेच चिरेल. बॅरलच्या तोंडाचे आतले आटेही पातळ प्लास्टिकने झाका. पिस्टनचा नट स्वच्छ आट्यांवर थ्रेडलॉक (नट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा.

चालू करताना

टाकीत तेल भरा, आधी असलेल्याच ग्रेडचं. कमी रेसवर रॉड सावकाश आत-बाहेर करा. पहिल्या फेऱ्यांत शेवटापर्यंत नेऊन दाबू नका. अडकलेली हवा एकदम दाबली गेली तर ती तापून नवीन सील जाळते. हवा निघाली की तेल पुन्हा बघा, मगच वजन द्या.

दुसऱ्या दिवशी, इंजिन बंद असताना, रॉडवर बोट फिरवा. तेलाचा पातळ ओलसरपणा असायलाच हवा, त्यावरच सील घसरतं. थेंब जमून खाली पडत असेल तर ग्लँड पुन्हा उघडा.