टाऊ प्रथिनासाठी प्रतिपिंड कसे निवडावे

अल्झायमरच्या संशोधनासाठी प्रतिपिंड (विशिष्ट प्रथिनाला चिकटून ते ओळखणारा रेणू) मागवण्यापूर्वी, आपल्याला एकूण टाऊ (मेंदूच्या चेतापेशींतले एक प्रथिन) मोजायचे आहे की फॉस्फेट जडलेले, हे ठरवावे. पहिल्यासाठी टाऊ-५ हे प्रतिपिंड, तर दुसऱ्यासाठी टाऊच्या साखळीतील सेरीन २०२ व थ्रिओनीन २०५ या अमिनो आम्लांच्या जागांवरचे फॉस्फेट ओळखणारे एटी८ वापरतात. एचटी७ मानवी टाऊसाठी आहे, मानवी जनुक न घातलेल्या साध्या उंदराच्या मेंदूसाठी नव्हे.

खरी कसोटी नियंत्रण-नमुन्याची. वेस्टर्न ब्लॉटपूर्वी (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) नमुन्याच्या एका भागावर फॉस्फेट काढून टाकणाऱ्या फॉस्फटेज या विकराची प्रक्रिया करावी. एटी८चा पट्टा नाहीसा होऊन टाऊ-५चा टिकला, तरच निष्कर्षावर विश्वास ठेवावा, आणि कितीही घाई असली तरी हा टप्पा गाळू नये. उरलेल्या नमुन्यात मात्र फॉस्फटेज-रोधक घालावेत, आणि मुंबईच्या उकाड्यात तो बर्फावरून क्षणभरही उचलून ठेवू नये.