अंगठा उलटा मुडपला तर

मी फिजिओ, संध्याकाळी कबड्डीच्या मुलींबरोबर मॅटवर. घोटे, गुडघे यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पायाच्या अंगठ्याला मात्र कोणी विचारत नाही. "अंगठाच तर मुरगळलाय, होईल बरा!" असं म्हणून ढकललेला अंगठा पुढे महिनोन्महिने नडतो.

होतं असं. चढाई करणारी परत वळते, मागच्या पायाचा चवडा मॅटवर रोवलेला, टाच वर. तेवढ्यात पकड घेणारी तिच्या पोटरीवर कोसळते. अंगठा जागेवरच राहतो आणि पाऊल त्याच्यावरून पुढे जातं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा वरच्या बाजूला नको इतका वाकतो आणि त्याच्या खालचा जाड पट्टा ताणला जातो, कधी फाटतो. मातीत पाऊल जरा घसरायचं. मॅटवर रबरी तळाचा बूट जागचा हलत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंमध्ये ही दुखापत १९७६ साली नोंदवली गेली, तेव्हाही बोट कृत्रिम गवत आणि मऊ, सहज वाकणाऱ्या बुटांकडेच दाखवलं होतं. बाणेर-वाकडला रात्री टर्फ भाड्याने घेऊन खेळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नुसतीच लचक असेल तर सांध्याखाली दाबलं की दुखतं, पण लंगडत का होईना चालता येतं. आठवडाभरात बहुतेक जण सुधारतात. पट्टा अर्धवट फाटला की सूज येते, काळंनिळं होतं, दोन-तीन आठवडे जातात. पूर्ण फाटला तर पाय टेकवत नाही. तिथे दीड महिन्यापासून चार-सहा महिन्यांपर्यंतची तयारी ठेवावी, क्वचित शस्त्रक्रियाही लागते. इजा होताना 'कट्' असा आवाज आला, अंगठा वाकडा दिसला, बधिर झाला किंवा भारच देता येत नसेल तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. एक्स-रे शक्यतो उभं राहून, दोन्ही पायांचा काढतात. सांध्याखाली दोन बारकी हाडं असतात, ती जागेवरून सरकलीत का हे दुसऱ्या पायाशी ताडून पाहता येतं.

मार न लागता, रात्रीतून अंगठा लालबुंद, गरम झाला आणि चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल, तर ते प्रकरण वेगळं. युरिक अॅसिडची शंका घ्या, डॉक्टरांकडे जा.

पहिले दोन-तीन दिवस बर्फ नॅपकिनमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाय उशीवर. मधुमेहामुळे पावलाची संवेदना कमी असेल तर बर्फ डॉक्टरांना विचारूनच. आंबेहळदीच्या लेपाला माझी हरकत नाही, मात्र तो गरम नको. तेल लावून चोळणं आणि 'खेचून बसवणं' मात्र अजिबात नको. आमच्या पेठेत चोळून देणारे हौशी हात फार!

खरी मेख एकच: अंगठा वर वाकू द्यायचा नाही. टाच आणि टोक धरून बूट दुमडून पाहा. चवड्याशी सहज दुमडला तर तो सध्या कपाटात. अंगठ्याची कोल्हापुरीही नको, सुजलेल्या सांध्यावर ती काचते. घट्ट तळाचा बूट घाला किंवा आत कडक इनसोल टाका. न ताणणारी चिकटपट्टी अंगठ्यापासून तळव्याकडे लावून घेता येते. पहिल्यांदा ती कोणाकडून तरी शिकून घ्या. नख निळसर पडलं की पट्टी सोडा.

घरातच अंगठा किती वेळा वर वाकतो, ते तेव्हा कळतं. जमिनीवरून उठताना, उकिडवं बसताना, सूर्यनमस्कारात, स्कूटर मेन स्टँडला लावताना. सूर्यनमस्कार थांबवा, स्कूटर साइड स्टँडवर.

दुखणं ओसरलं की अंगठा हाताने हलकेच वर-खाली, मग बोटांनी नॅपकिन गोळा करणं, मग दोन्ही टाचा उचलणं, शेवटी एकाच पायावर टाच उचलणं. एका पायावर न दुखता टाच उचलता आली की हळू पळा. मग वळण घेऊन पाहा, उडी त्यानंतर. प्रत्येक पायरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजला नाही तरच पुढे. पर्वती चढायची तर पहिले काही दिवस पूर्ण पाऊल पायरीवर ठेवून, चवड्यावर जोर न देता. मुलींना मी त्या मोसमात पट्टीशिवाय चढाईला सोडत नाही, त्या कितीही कुरकुरल्या तरी.