पहिल्या किलोभर बॅचआधी प्रयोगशाळेत काय तपासावे

नव्या औषधद्रव्याची पहिली एक-दोन किलोची बॅच बहुधा विषाक्तता चाचण्यांसाठी हवी असते आणि ती घाईने मागितली जाते. अशा वेळी ग्रॅममधली कृती सरळ हजाराने गुणण्याचा मोह टाळावा आणि रिॲक्टरमध्ये जे घडणार आहे, ते आधी फ्लास्कमध्ये घडवून पाहावे.

सुरुवात उष्णतेपासून करावी. एक लिटरच्या फ्लास्कऐवजी त्याच आकाराचे हजार लिटरचे भांडे घेतले, तर घनफळ हजारपट वाढते, भिंतीचे क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जाण्यासाठी एक दशांश भिंत उरते. म्हणून अभिक्रियेची उष्णता कॅलरीमीटरवर मोजून घ्यावी. मिश्रणाच्या एका किलोमागे २०० किलोज्यूल उष्णता निघत असेल आणि तेवढेच मिश्रण एक अंश तापायला २ किलोज्यूल लागत असतील, तर सगळा अभिकारक आत असताना कूलिंग बंद पडल्यास तापमान १०० अंशांनी चढू शकते. इतक्या वाढलेल्या तापमानाला द्रावक उकळेल का, पदार्थाचे विघटन सुरू होईल का, हे कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. अभिकारक हळूहळू सोडणे हा उत्तम उपाय आहे, पण सोडलेला अभिकारक लगेच खर्ची पडतो आहे याची खात्री हवी. भीतीपोटी तापमान फार खाली ठेवले तर तो न वापरता साचत जातो आणि धोका उलट वाढतो. ग्रिन्यार अभिक्रियेत (मॅग्नेशियमवर सेंद्रिय हॅलाइड सोडून होणाऱ्या) तर ती सुरू झाल्याची स्पष्ट खूण दिसेपर्यंत उरलेले हॅलाइड मुळीच सोडू नये.

ढवळण्याचेही तसेच. पोटॅशियम कार्बोनेटसारखी भुकटी वापरली असेल, तर चुंबकी कांडी ती तळाशी दळत राहते आणि अभिक्रिया झपाट्याने होते; रिॲक्टरचे पाते तशी दळत नाही. तेव्हा कांडी काढून वरून ढवळणारी मोटर लावावी आणि वेग किती घटतो ते पाहावे.

मोठ्या भांड्यात प्रत्येक कामाला वेळ लागतो. दहा मिनिटांत घातलेले आम्ल मुद्दाम चार तासांत घालावे, मिश्रण रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) अशुद्धी वाढली का ते तपासावे. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा प्रयोग हाच.

द्रावक म्हणून ईथर आणि हेक्सेन यांच्या जागी अधिक सुरक्षित असे एमटीबीई (मिथाइल टर्शरी-ब्यूटाइल ईथर) आणि हेप्टेन यांचा विचार करावा. रोटरीवर (द्रावक उडवणाऱ्या फिरत्या फ्लास्कवर) कोरडे करणे मोठ्या भांड्यात जमत नाही. पाते बुडेल इतके द्रव राखून द्रावक बदलावे लागते.

शुद्धीकरणासाठी क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमऐवजी शक्य तिथे स्फटिकीकरण वापरावे, मात्र स्फटिकरूप लवकर तपासावे. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचे औषध १९९६ मध्ये बाजारात आले आणि १९९८ मध्ये त्याचे कमी विद्राव्य रूप अचानक उद्भवल्याने कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. बीजस्फटिक टाकून सावकाश थंड करावे आणि ठरावीक जाडीच्या थरातून द्रव गाळायला किती सेकंद लागतात ते मोजावे, कारण सुईसारखे बारीक स्फटिक फ्लास्कखाली दोन मिनिटांत गाळले गेले तरी मोठ्या फिल्टरवरच्या जाड थरात अख्खी पाळी अडवून ठेवू शकतात.